शालनचा सेकंद

शालन,

तुझ्या तेराव्याला जो येत होता तो एकच वाक्य बोलत होता, "सुटली बिचारी." भावोजी प्रत्येकाला मान हलवून होकार देत होते. मी बोरीवलीच्या तुमच्या बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून ऐकत होते आणि तू मागून कुजबुजते आहेस असंच वाटत होतं, "सुटली म्हणा, पण बिचारी कित्याक गो?" बिचारी या शब्दाची तुला भारी चीड. एकदा ऑफिसातून तुझ्याकडे जेवायला निघालो होतो, तेव्हा आरेतून जाणाऱ्या बसमध्ये एका गृहस्थांनी "बिचाऱ्या दमल्यात, बसू द्या" म्हणून जागा दिली, तर तू थेट गोरेगावपर्यंत उभी राहिलीस आणि मलाही बसू दिलं नाहीस. त्या दिवशी माझ्या पायांचे तुकडे पडले होते.

पण सुटलीस हे खरं आहे. मला ते सगळ्यांच्या आधी वाटलं. सकाळी भावोजींचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द 'सुटली' हाच निघाला, रडू नंतर आलं. पावसाळ्यापासून तू ज्या यातना काढल्यास त्या मी बघितल्या आहेत. चमचाभर पेज पोटात ठरत नव्हती आणि तरी भेटायला येणाऱ्याला तू "जेवून जा" म्हणत होतीस. शेवटच्या आठवड्यात तर कूस बदलायची म्हटली तरी तू आधी डोळे मिटून घ्यायचीस. ते थांबलं. ते थांबल्याचं मला बरं वाटलं, आणि तसं म्हणायची मला लाज वाटत नाही.

पण मी लिहायला बसले ती या सुटकेसाठी नाही. आणखी एक सुटका झाली आहे. ती तू गेल्यावर पंधरवड्याने झाली, आणि ती तुझीच आहे. अडीच वर्षं तू जे मनावर घेऊन फिरलीस त्याचा निकाल लागला. तो निकाल मी आधीच सांगून टाकला असता, पण तू नेहमी म्हणायचीस की कुंदे, तू गोष्ट मधूनच सुरू करतेस, समोरच्याला काय कपाळ कळणार. म्हणून या वेळी पहिल्यापासून सांगते. हे पत्र मी भावोजींकडे देणार आहे, तुझ्या शेजारणीही वाचतील, आपलं काम काय होतं ते त्यांनाही कळू दे. त्यांना आजवर वाटत होतं की तू पवईला टायपिंग करायला जातेस.

आपलं ऑफिस पवईला, तळ्याच्या वरच्या अंगाला. घाटातल्या एका धरणाच्या आसपास जमिनीखालचे हादरे टिपणारी यंत्रं बसवलेली होती. ती जे टिपायची ते टेलिफोनच्या तारेवरून आपल्या कॉम्प्युटरकडे यायचं. कॉम्प्युटर त्यावर वेळेचा शिक्का मारायचा, आणि कुठल्या यंत्रापाशी हादरा किती उशिरा पोचला त्यावरून तो कुठे झाला हे काढायचा. सगळा खेळ वेळेचा. एका सेकंदाची चूक झाली तर भूकंप नकाशावर एका गावातून उठून पुढच्या गावात जाऊन बसायचा. तू कन्सोलवर बसायचीस, म्हणजे मशीन चालवायचीस. मी प्रोग्रॅम लिहायचे. मशीनला खोली थंडगार लागते म्हणून भर मे महिन्यात आपण दोघी स्वेटर घेऊन घराबाहेर पडायचो आणि तुझ्या सोसायटीतल्या बायकांना वाटायचं, हिच्या डोक्यावर परिणाम झालाय.

आता तो सेकंद. हे तू माझ्या आईला जसं समजावलं होतंस तसंच लिहिते, त्याहून सोपं मला जमत नाही. पंच्याऐंशीच्या जूनची अखेर होती. दुसऱ्या दिवशी पहाटे ऑफिसात हजर राहायचं होतं, बोरीवलीहून तुला जमलं नसतं, म्हणून तू मुलुंडला माझ्याकडे राहायला आली होतीस. आईने विचारलं, एवढं काय आहे गं पहाटे? तू म्हणालीस, "आई, पृथ्वी जरा आळशी आहे. शास्त्रज्ञांची घड्याळं कडक, ती एक क्षण इकडेतिकडे होत नाहीत, आणि ही बाई फिरताना मागे पडते. मग वर्षा-दोन वर्षांनी जगभरची घड्याळं एक सेकंद थांबवतात आणि तिला गाठू देतात. उद्या तो सेकंद आहे." आईने थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली, बरोबर आहे, तिचंही वय झालं. तिने पहाटे उठून आपल्या दोघींना उपमा करून घातला, आणि पृथ्वीसाठी थांबायचं म्हणजे चांगलंच काम आहे म्हणाली.

तो सेकंद ग्रीनिचच्या मध्यरात्री घालतात, म्हणजे आपल्याकडे सकाळी साडेपाचला. आपलं मशीन ग्रीनिचच्याच वेळेवर चालायचं, त्यामुळे आपल्या सकाळच्या साडेपाचला त्याची मध्यरात्र व्हायची आणि तारीख बदलायची. अडचण एवढीच की मशीनला साठ हा आकडा माहीतच नव्हता. त्याच्या लेखी एकोणसाठच्या पुढे शून्य. म्हणून साहेबांनी ठरवलं होतं की एकोणसाठ दिसला की कळ दाबून घड्याळ एक सेकंद मागे घ्यायचं, म्हणजे एकोणसाठ दोनदा येईल, आणि जास्तीचा सेकंद त्यात भरून निघेल. कळ तू दाबायचीस. रेडिओवर वेळेचे ठोके लावले होते. साहेब, तू आणि मी, तिघंही स्क्रीनवरच्या सेकंदांकडे टक लावून बसलो होतो. ठोका पडला, तू कळ दाबलीस, घड्याळ मागे गेलं, पुन्हा पुढे आलं, रेडिओशी तंतोतंत जुळलं. साहेबांनी "झकास" म्हटलं आणि आपण चहाला गेलो.

तिघांनी सेकंद बघितला. तारीख कुणीच बघितली नाही. अशी चूक आपल्यासारखीच माणसं करू जाणे.

झालं होतं असं की मशीन आधी एकोणसाठवरून शून्यावर गेलं, म्हणजे त्याची मध्यरात्र झाली, त्याने दिनदर्शिकेचं एक पान फाडलं. मग घड्याळ एक सेकंद मागे आलं आणि पुन्हा शून्यावर गेलं. पुन्हा मध्यरात्र. त्याने दुसरं पान फाडलं. आपण जुलैच्या एक तारखेत चहा पीत होतो आणि मशीन दोन तारखेत जाऊन बसलं होतं. दुपारी घाटात एक लहानसा हादरा झाला. रोजच्यासारखा त्याचा संदेश टेलिप्रिंटरवरून आपोआप धरणाच्या ऑफिसात गेला, जागा बरोबर, वेळ बरोबर, तारीख उद्याची.

तिथले इंजिनियर घाबरले. त्या खोऱ्यातली माणसं आधीच धास्तावलेली, भिंतीला तडा गेला तरी अंगणात येऊन उभी राहायची. त्यांना वाटलं, मुंबईच्या कॉम्प्युटरला आता पुढचा भूकंपही कळायला लागला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्यांनी पायथ्याच्या गावातली सगळी घरं रिकामी करवली. म्हातारी माणसं, तान्ही मुलं, गाभण गाय, सगळे भर पावसात माळावर. आणि दुपारी त्यांनी आपल्याला फोन केला, तो नेमका तू उचललास. त्यांनी फक्त एवढंच विचारलं होतं, "किती वाजेपर्यंत बाहेर ठेवायचं माणसांना?"

तुझा चेहरा मी त्याआधी आणि त्यानंतरही कधी तसा बघितला नाही. तू स्क्रीनवरच्या तारखेकडे बघितलंस आणि फोनवर जवळजवळ खेकसलीस, "आत्ताच्या आत्ता घरात घ्या त्यांना. भूकंप नाही. चूक आमची आहे. आधी त्यांना आत घ्या, मग माझ्याशी बोला." फोन ठेवून तू बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिलीस. मी मागोमाग आले तर म्हणालीस, "कुंदा, माझा हात उशिरा पडला."

साहेबांचंही तेच मत पडलं. माणूस वाईट नाही, पण त्यांना कारण एकच आणि लगेच हवं असतं. मीटिंगमध्ये त्यांनी सांगितलं, ऑपरेटरकडून उशीर झाला. एकोणसाठ असतानाच कळ दाबली असती तर शून्य आधी आलंच नसतं, पान एकदाच फाटलं असतं. हे तर्काला धरून होतं. मी भांडले. म्हटलं, कळ कुणीही केव्हाही दाबो, तेच पान दोनदा फाडणारा प्रोग्रॅम मूर्ख आहे. पण तो प्रोग्रॅम मशीनबरोबरच परदेशातून आला होता, त्याला हात लावायची आम्हाला मुभा नव्हती. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे तू स्वतःच साहेबांच्या बाजूची. मी तुझ्यासाठी तावातावाने बोलतेय आणि तू खाली मान घालून म्हणतेयस, "मी त्या वेळी रेडिओकडे बघितलं सर." मला तुझा इतका राग आला होता की त्या दिवशी मी डबा एकटीने खाल्ला.

ऑफिसातल्या लोकांनी चार दिवस "उद्याचा भूकंप काय म्हणतो?" करून चेष्टा केली आणि विसरून गेले. तू विसरली नाहीस. पाऊस लागला की तू खिडकीशी जायचीस. एकदा म्हणालीस, आपल्या गावाकडे असं झालं असतं तर माझी आजी पावसात बसली असती, तिला कुणी सांगितलं असतं की एका बाईचा हात जरासा मागे पडला म्हणून तू भिजतेस? मी म्हटलं, कुणाला काही झालं नाही शालन, सर्दीपडशापलीकडे काही झालं नाही. तू म्हणालीस, ते माझं नशीब, माझं काम नव्हे.

मग तू तुझी ती युक्ती काढलीस, आणि आपलं दोन वर्षांचं भांडण सुरू झालं. तुझं म्हणणं, हा सेकंद एकदम घालायचाच कशाला? दिवसभर घड्याळ केसभर हळू चालव, थोडा थोडा करून संध्याकाळपर्यंत जिरून जाईल. कुणाला धक्का नाही, कसली कळ नाही. मी म्हटलं, म्हणजे आरेच्या डेअरीशेजारी बसून दुधात पाणी घालायचं. दिवसभराची सगळीच वेळ जराजराशी खोटी. त्यापेक्षा एकदाच काय तो सेकंद घाला आणि सगळ्यांना दिसू द्या. तू म्हणालीस, आपल्या सगळ्या यंत्रांना सारखंच पाणी मिळालं तर बिघडलं कुठे, जागा तर बरोबरच निघेल. मी म्हटलं, दुसऱ्या शहरातल्या वेधशाळांशी ताळा जमेल का? तू म्हणालीस, त्यांनाही पाणी घालायला सांग. हे भांडण आपण कँटीनमध्ये केलं, तळ्याच्या कट्ट्यावर केलं, तुझ्या मुलीच्या वाढदिवसाला केलं. तिथे तर तुझ्या सासूबाईंना वाटलं, दूधवाला बदलायचा विचार चाललाय.

तुझं खरं कारण मला खूप उशिरा कळलं. डब्यातली भाजी चिवडत तू एकदा हळूच म्हणालीस, "तुका कळाचा नाय. तो सेकंद कुणा एकाच्या हातात असू नये, एवढंच माझं म्हणणं आहे." त्यानंतर मी भांडत राहिले खरी, पण तेवढ्या जोरात नाही.

मी तुला एक उपाय सुचवला होता. एखाद्या रविवारी, मशीनवर काम कमी असताना, साहेबांची परवानगी काढू, घड्याळ मध्यरात्रीपाशी नेऊ आणि कळ दाबून बघू. आधी दाबली तर काय होतं, नंतर दाबली तर काय होतं. तासाभरात कळेल, तुझी चूक की मशीनची. परवानगी मिळालीही असती. तूच नको म्हणालीस. मी कारण विचारलं तर तुझ्या बोलण्यात तुझं गाव उतरलं, जसं नेहमी खूप मनातलं बोलताना उतरायचं. "आणि माझोच हात निघालो तर गो?"

आज शंका आहे, त्यात थोडी तरी जागा आहे, असं तुला म्हणायचं होतं. ते मला समजलं. मी पुन्हा विषय काढला नाही.

मग तुझं दुखणं आलं आणि सेकंदाबिकंदाचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. तुझ्या मात्र राहिलं. डिसेंबरात मी हॉस्पिटलमध्ये आले तेव्हा भावोजी तुझे पाय दाबत बसले होते, आणि तू मला पहिली गोष्ट काय विचारलीस, तर नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी सेकंद घालायचा आहे ना? म्हटलं, हो, जाहीर झालंय. कळ कोण दाबणार? म्हटलं, मीच. साहेबांनी दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं, पण मी मागून घेतलं. तू डोळे मिटलेस. मला वाटलं, झोप लागली. मग डोळे न उघडताच म्हणालीस, "माझ्यासारखी ठोक्याची वाट बघू नकोस. आधीच दाब. चांगली आधी दाब." भावोजींना वाटलं तू औषधाच्या गुंगीत बोलतेयस. मी हो म्हटलं. तुझं माझ्याशी झालेलं ते शेवटचं सरळ बोलणं.

एक जानेवारीला आईने पहाटे पुन्हा उपमा केला. एकच बशी भरताना तिला हुंदका आला आणि तिने तो खोकल्यावर ढकलला. ऑफिसात साहेब आधीच आलेले होते. मी त्यांना सांगून टाकलं की मी एकोणसाठची वाट बघणार नाही, मिनिट अर्धं असतानाच कळ दाबणार. घड्याळ तेव्हाच एक सेकंद मागे जाईल, मग मध्यरात्र एकदाच होईल. साहेब म्हणाले, ठीक आहे, उशीर नको म्हणजे झालं. या वेळी तारखेवर नजर ठेवायला ते स्वतः बसले.

रेडिओ लावला. शेवटचं मिनिट सुरू झालं. अर्ध्यावर आल्यावर मी कळ दाबली, नीट, सगळं बोट टेकवून दाबली. आणि काहीच झालं नाही. घड्याळ मागे गेलं नाही. सेकंद आपले पुढे चाललेले. मला घाम फुटला, त्या थंडगार खोलीत, स्वेटरच्या आत. कळ लागली नाही का? पुन्हा दाबू का? पुन्हा दाबली आणि पहिलीही लागलेली असली तर दोन सेकंद मागे जाईल. साहेब म्हणाले, "दाबा ना परत." मी हात मांडीवर घट्ट धरून ठेवले. तू असतीस तर तूही हेच केलं असतंस, हे मला पक्कं ठाऊक आहे. एकदा दिलेला हुकूम तू कधी परत दिला नाहीस, ना मशीनला ना मुलांना.

एकोणसाठ आला. शून्य आलं. तारीख बदलली. आणि तेव्हा, मिनिट संपल्यावर, मध्यरात्र होऊन गेल्यावर, घड्याळ एक सेकंद मागे गेलं. पुन्हा एकोणसाठ, पुन्हा शून्य. साहेब ओरडले, "दोन तारीख! दोन जानेवारी दाखवतंय!"

शालन, मशीनने माझा हुकूम अर्ध्या मिनिटापूर्वीच घेतला होता आणि नुसता ठेवून दिला होता. ते हुकूम मिनिट संपल्याशिवाय पाळतच नाही. मिनिट आधी संपवतं, मग मागे जातं. आधी दाबा, एकोणसाठला दाबा, ठोक्याला दाबा, पान दोनदाच फाटणार. त्या दिवशी तू रेडिओकडे बघितलंस की छताकडे बघितलंस, याने काडीचा फरक पडणार नव्हता. तुझा हात वेळेवर पडला असता तरी हेच झालं असतं. आणि खरं सांगू? आता मला वाटतं तो वेळेवरच पडला होता; उशिरा पडला असता तर मशीन पुढचं मिनिट संपेपर्यंत थांबलं असतं आणि पान एकदाच फाटलं असतं.

मशीन माझ्या हातून पुन्हा चुकलं, आणि आयुष्यात एवढं बरं मला कशाने वाटलं नव्हतं. मी हसत सुटले. साहेबांना वाटलं हिला धक्का बसला. मी हसत हसतच तारीख हाताने सुधारली, टेलिप्रिंटर बंदच ठेवला होता, त्यामुळे या वेळी कुठल्याही गावाला त्रास झाला नाही. मग साहेबांना कागदावर काढून दाखवलं, केव्हा दाबली आणि केव्हा लागली. त्यांनी कागदावरच्या दोन्ही वेळा बोटाने तपासल्या आणि म्हणाले, "म्हणजे बाईंचं काही चुकलं नव्हतं." मी म्हटलं, नव्हतं. ते म्हणाले, "मी तेव्हा फार लवकर बोललो." पुढच्या मीटिंगमध्ये त्यांनी हे सगळ्यांसमोर स्वतःहून सांगितलं, माझ्याकडे न बघता, पण स्पष्ट सांगितलं. पुढच्या खेपेला कळबीळ काही ठेवायची नाही, तुझ्या पद्धतीने सेकंद दिवसभर पसरायचा, असंही ठरलं. मी होकार दिला. मनातून मला ते अजूनही दुधात पाणीच वाटतं, आणि तू कुठे असशील तिथे हे भांडण चालू ठेवायला माझी तयारी आहे.

एक तारखेलाच दुपारी मी बोरीवलीला आले. भावोजी तुझ्या मुलीची वेणी घालायचा प्रयत्न करत होते, तिन्ही पेड वेगवेगळ्या जाडीचे. त्यांना सगळं सांगितलं. कॉम्प्युटरचं त्यांना किती समजलं कोण जाणे, पण तुझी चूक नव्हती हे समजलं. त्यांनी कंगवा खाली ठेवला. म्हणाले, "ती झोपेत दचकायची. मी म्हणायचो, दुखतंय का? तर म्हणायची, नाही, पाऊस किती आहे." मग तिला हे आधी कळायला हवं होतं, असं ते म्हणाले, आणि मीही तेच म्हणत बसले. रविवारी तुला ओढत नेऊन ती कळ दाबायला लावली असती तर? पण तू नको म्हटलं होतंस आणि तो तुझा हक्क होता. वेणी मी घालून दिली. मुलगी तुझ्यासारखीच, डोकं एक क्षण स्थिर ठेवत नाही.

एक काम राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी मी धरणाच्या ऑफिसात ट्रंक कॉल लावला. तेच इंजिनियर अजून तिथे आहेत. मी ओळख सांगितली आणि म्हटलं, त्या वेळी आमच्याकडून तुम्हाला ऑपरेटरची चूक असं कळवलं होतं, ते बरोबर नव्हतं, चूक मशीनची होती. मला वाटलं त्यांना आठवायला वेळ लागेल. त्यांना वेळ लागला नाही. म्हणाले, "ऑपरेटर म्हणजे त्या बाई ना, माझ्यावर ओरडल्या त्या?" म्हटलं, हो, त्याच.

तारेवर खरखर होत होती. मला वाटलं लाइन गेली. मग ते म्हणाले, "खरं तर आधी मीच फोन करून विचारायला पाहिजे होतं. न विचारता लोकांना बाहेर काढलं मी. त्या ओरडल्या नसत्या तर मी रात्रभर त्यांना माळावर ठेवणार होतो. तशी तयारीही केली होती. गावात लोकांना कॉम्प्युटरचं काही माहीत नाही, त्यांना एवढंच आठवतं की मुंबईच्या कुणा बाईंनी फोनवरून सांगितलं आणि आम्ही घरात गेलो."

शेवटी ते म्हणाले, "त्यांना आमच्या सगळ्यांचा नमस्कार सांगा."

तू गेलीस हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगते, असं म्हणून फोन ठेवला, आणि कबूल केलंय म्हणून हे लिहायला बसले. तर शालन, धरणाच्या गावाचा तुला नमस्कार आहे.